थेंबाआधीचा आवाज

माझा धाकटा भाऊ मेंदूवर काम करायचा. हे वाक्य मी आजवर हजार लोकांना तरी ऐकवलं असेल. लिफ्टमध्ये अडकलेल्यांनाही ऐकवलंय. दार उघडेपर्यंत आतल्या माणसाला बोलण्यात गुंतवावं लागतं आणि मला त्या वेळी दुसरं काही सुचत नाही. आतून विचारतात, "डॉक्टर आहे का हो?" मी बाहेरून सांगतो, "डॉक्टरांचं ज्याच्यावाचून अडतं, तो."

मी लिफ्ट दुरुस्त करतो. चौतीस वर्षं झाली. शिक्षण सातवी. पण मला डोळे बांधून कुठल्याही इमारतीच्या मशीन रूममध्ये उभं करा, दोराच्या आवाजावरून केबिन कितव्या मजल्यावर आहे ते सांगेन. आमच्या लाइनीत कुणालाही विचारा.

तर हे लिहायचं कारण. धाकट्याच्या संस्थेला पन्नास वर्षं झाली म्हणून गुळगुळीत कागदाचं एक जाडजूड पुस्तक निघालं. त्यात मोठ्या साहेबांचे फोटो आहेत, माळ्याचा आहे, फाटकाजवळच्या झाडाचासुद्धा आहे. माझ्या भावाचा नाही. एका फोटोत कुणा बाईंच्या मागे त्याचं कोपर आलंय. कोपर त्याचंच, लहानपणी जिन्यावरून पडला होता तेव्हाचा व्रण आहे त्यावर. मला राग आला. कोपराच्या पुढचा माणूस कसा आहे ते कुणीतरी लिहायला पाहिजे, आणि माझ्याइतकं त्याला ओळखणारं दुसरं कोण आहे? म्हणून बसलो लिहायला.

त्याचं काम असं. संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर बिनखिडकीची एक खोली. टेबलावर काचेची पेटी, पेटीत एक पांढरा उंदीर. उंदराच्या डोक्यात केसापेक्षा बारीक तार बसवलेली. हे संशोधन ज्यांचं, त्या मॅडम म्हणतात, त्याला ती जाणवत नाही. धाकटा म्हणतो, दोन दिवस जाणवते, मग विसरतो. पेटीच्या भिंतीवर एक दिवा, खाली एक नळी. खोलीत खुर्ची एकच, तिच्यावर माझा भाऊ. तो बटण दाबणार, दोन सेकंदांनी दिवा लागणार, मग नळीच्या टोकाला गोड पाण्याचा एक थेंब येणार, उंदीर तो चाटणार. धाकटा वहीत एक रेघ मारणार. थोडं थांबून पुन्हा बटण. दिवसाला दोनशे वेळा, अकरा वर्षं.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? बसून बघा एक दिवस. मी बसलो नसतो.

लग्न त्याने केलं नाही. मी दोन ठिकाणी शब्द टाकला होता, दोन्हीकडे जाऊन तो गप्प बसून आला. संस्थेत सगळे त्याला मामा म्हणतात, पण मामाला घरी कुणी बोलवत नाही. आईवडिलांच्या वेळेच्या त्याच एका खोलीत तो एकटा राहतो. त्याची वाट बघणारं जगात जे काही होतं, ते संस्थेत, पिंजऱ्यांत होतं. सकाळी तो पिंजऱ्यांच्या रांगेसमोरून गेला की उंदीर मागच्या दोन पायांवर उभे राहायचे. मॅडमनीच सांगितलंय मला. माझ्या घरात माझ्यासाठी कुणी असं उभं राहत नाही.

ती खुर्ची म्हणजे त्याचं सगळं होतं. आणि ती माझ्या तोंडामुळे गेली. हे आधीच सांगून टाकतो, पुढे लपवल्यासारखं नको.

आता मागचं थोडं. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, मी अकराचा. वडील मालाच्या ट्रकवर, महिन्यातून दोनदा दिसायचे. धाकट्याने बोलणं सोडलं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहायचा. वर चल म्हटलं तर नाही, खाली चल म्हटलं तर नाही. शेजारच्या बायका म्हणाल्या, याच्या डोक्यावर परिणाम झाला. मी म्हटलं, बघतोच. पेपरमिंटची एक गोळी घ्यायचो, दातांनी चार तुकडे करायचो, एक तुकडा चिमटीत धरायचो आणि जीभ टाळूला लावून आवाज काढायचो, टक्. त्याने मान वर केली की तुकडा. एक पायरी चढला, टक्, तुकडा. असं करत चौथ्या मजल्यापर्यंत नेला त्याला. अक्षरं अशीच शिकवली, बुटाची नाडी अशीच. पुढे पुढे गोळ्या परवडेनात, तर नुसतं टक् केलं तरी गडी खूश. चेहरा असा उजळायचा, जसा काही तुकडा जिभेवर ठेवलाय. मला कुणी शिकवलं नव्हतं हे. आपल्या डोक्यातून काढलं होतं.

त्याला बारावीपर्यंत मी शिकवला, माझ्या पगारावर. मग माझं लग्न झालं, मी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. निघताना म्हणालो, "रविवारी येत जाईन." तो म्हणाला, "ये."

गंमत बघा, अख्ख्या शहराला वर नेणारा माणूस मी, आणि माझ्या भावाच्या इमारतीला लिफ्ट नाही. चार जिने. माझे गुडघे मशीन रूमच्या शिड्यांनी खाल्लेले. रविवारी सकाळी चहा पिता पिता विचार करायचो, एका बाजूला चार जिने, दुसऱ्या बाजूला धाकटा. कधी हे पारडं जड, कधी ते. महिन्यात एकदा जायचो. कधी लागोपाठ दोनदा गेलो, कधी दोन-दोन महिने नाही. गेलो की काय आनंद व्हायचा त्याला. धडपडत उठायचा, एकदा तर खुर्ची पाडली. मी तासभर माझे पराक्रम सांगायचो, तो ऐकायचा. परत येताना मला बरं वाटायचं. बायको म्हणायची, "इतकं बरं वाटतं तर दर आठवड्याला जा की." मी म्हणायचो, "तो काय लहान आहे का आता?"

तर त्या दिवसाकडे येतो. संस्थेची लिफ्ट बिघडली आणि कंपनीने नेमका मला पाठवला. दरवाजाच्या पट्टीत पेनाचं टोपण अडकलं होतं, दहा मिनिटांचं काम. झाल्यावर म्हटलं, आलोच आहे तर भावाचं ऑफिस बघू. दुसऱ्या मजल्यावर मॅडम भेटल्या. तिशीतल्या असतील, केस वर बांधून त्यात पेन्सिल खोचलेली. ओळख सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही मोठे मामा. या ना."

धाकट्याच्या खोलीला लागून मॅडमची खोली, मध्ये जाड काच. पलीकडचं दिसतं, ऐकू काही येत नाही. मॅडमच्या टेबलावर एक लहान स्पीकर होता. त्यातून टप्... टप्... असा आवाज येत होता, नळ नीट बंद न केल्यासारखा.

"हे काय, बिघडलंय का?" मी विचारलं. हात खिशातल्या टेस्टरकडे गेला होता.

"नाही हो. या उंदराच्या मेंदूतल्या पेशी बोलतायत. ती तार आहे ना, तिच्यातून ऐकू येतं."

मग त्यांनी मला जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. मेंदूच्या तळाशी थोड्या पेशी आहेत. उंदीर नवा असताना थेंब मिळाला की त्या तडतडतात, तव्यावर मोहरी पडल्यासारख्या. पण थेंबाआधी दिवा लागतो हे उंदराला कळलं, की तडतड दिव्यालाच होते. थेंब आला की काही नाही, तो मनात धरलेलाच असतो. म्हणजे या पेशी गोड काय ते सांगत नाहीत. धरलं होतं त्यापेक्षा जास्त मिळालं की कमी, एवढंच सांगतात. आणि त्यावरून मेंदू ठरवतो, पुढच्या वेळी काय करायचं, कुठे जायचं, कशावर वेळ घालवायचा. माणसातही तसंच, म्हणाल्या.

मी म्हटलं, "मॅडम, हे मला ठाऊक आहे. लिफ्टचं बटण लागलेलं असतं तरी लोक दहा वेळा दाबतात. कधीतरी दाबल्या दाबल्या लिफ्ट आलेली असते ना, तेवढं पुरतं त्यांना. मी अशी बटणं पाहिलीत ज्यांना मागे वायरच जोडलेली नाही."

मॅडम हसल्या, वहीत काहीतरी लिहूनसुद्धा घेतलं. मी काय समजायचं ते समजलो, की आपण कामाचं बोललो.

मग म्हणाल्या, "पण मामांच्या उंदरांची एक गंमत आहे. नीट ऐका हं."

काचेपलीकडे धाकटा बसला होता. स्पीकरमधून एकदम तडतड झाली. आणि मग, दोन सेकंदांनी, दिवा लागला.

"बघितलंत? दिव्याच्या आधी. दुसऱ्या कुणाच्या उंदरांत असं होत नाही. मामा वेळ बदलून बदलून बटण दाबतात, उंदराला ते दिसत नाही, तरी त्याला कळतं. तीन वर्षं आम्ही हे बघतोय. यावर मोठा लेख पाठवायचाय. मामांचं नाव असणार त्यात."

माझी छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण तुटायचं बाकी होतं. मी म्हटलं, मला आत जाऊन बघायचंय. मॅडम म्हणाल्या, कोपऱ्यात उभे राहा, हलू नका.

आत गेलो. धाकट्याने माझ्याकडे बघितलं, हसला, आणि कामाला लागला. त्याचा हात बटणाकडे गेला. बोट टेकलं. आणि त्याच क्षणी ऐकू आलं.

टक्.

जिभेचा. टाळूला लावून. त्याला पत्तासुद्धा नव्हता. पुन्हा बोट, पुन्हा टक्. दर खेपेला. ओठ मिटलेले, म्हणून काचेतून कुणाला दिसलं नसणार.

चाळीस वर्षांपूर्वी मी जिन्यावर काढलेला आवाज, या एवढ्या मोठ्या संस्थेत, मेंदूच्या खोलीत. मी बाहेर आलो आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणालो, "मॅडम, ते टक् माझं आहे. मी शिकवलंय त्याला. उंदराला दिव्याआधी कळतं ते माझ्यामुळे."

मॅडम म्हणाल्या, "कसलं टक्?"

मी करून दाखवलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळलं की आपण काहीतरी पाडलंय.

त्या आत गेल्या. अगदी हळू बोलल्या, असं धाकट्याने मला मागाहून सांगितलं. "मामा, दहा वेळा जीभ दाताखाली धरून करता?" त्याने केलं. स्पीकर गप्प. दिवा लागला, तेव्हा कुठे थोडी तडतड. मग म्हणाल्या, "आता नुसता आवाज करा. बटण नको."

धाकट्याने माझ्याकडे बघितलं, काचेतून. मग केलं. मला ऐकू आलं नाही, पण स्पीकर तडतडला. उंदीर नळीशी जाऊन बसला. दिवा नाही, थेंब नाही. आणि मग ती नेहमीची टप्... टप्... होती ना, ती थांबली. एखादा सेकंदच थांबली असेल. मी बंद पडलेली यंत्रं खूप ऐकलीत, तसं नव्हतं ते. कुणी श्वास धरावा तसं होतं.

उंदीर नळीपाशी नाक लावून तसाच बसून राहिला.

मॅडमनी कुणाला दोष दिला नाही. म्हणाल्या, "चूक आमची. तीन वर्षांत एकदाही आम्ही आत येऊन बसलो नाही." लेख बाजूला ठेवला. पुढच्या आठवड्यात बटण दाबायला यंत्र आलं, पेटीभोवती आवाज न जाणाऱ्या भिंती आल्या, आणि धाकट्याला तळमजल्यावर पिंजरे धुवायला पाठवलं. रिकामे पिंजरे. उंदीर वर, तो खाली. पगार तोच, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं, जणू मी त्याबद्दल विचारलं होतं.

त्या रविवारी मी गेलो. माफी मागायची होती, पण ते मला जमत नाही, कधी जमलंच नाही. जिने चढताना वाक्य जुळवत गेलो आणि चौथ्या मजल्यावर दम लागून सगळं विसरलो. दार ढकललं. तो उठला, नेहमीसारखा धडपडत. टेबलावर दोन कप होते. दोन बशा, बिस्किटांचा पुडा न फोडलेला.

"तुला कसं कळलं मी येणार?"

"कळलं नव्हतं."

"मग दुसरा कप?"

"असतो."

"म्हणजे? दर रविवारी?"

"हं." तो चहा गाळायला वळला. "साखर कमीच ना तुला?"

मी बसलो. विषय बदलायचा म्हणून म्हणालो, "तुझ्या त्या उंदरांचं काय रे? यंत्राला ओळखतात का?"

"शिकतील. सोपं असतं त्यांना." मग तो बोलायला लागला. उंदरांवर बोलताना तो एरवीपेक्षा जास्त बोलतो. "फार पूर्वी आम्ही दोन पेट्या ठेवल्या होत्या. आत एक दांडी. एका पेटीत दांडी दाबली की दर वेळी थेंब. दुसरीत कधी यायचा, कधी नाही. कधी लागोपाठ दोनदा, कधी पन्नास वेळा दाबलं तरी नाही. मग दोन्हींचं पाणी बंद केलं."

"मग?"

"पहिल्याने दुपारपर्यंत दाबलं आणि सोडून दिलं. त्याला कळलं, संपलं. जाऊन झोपला."

"आणि दुसरा?"

"तो दाबतच राहिला. दिवसच्या दिवस. त्याला कळणार कसं, संपलंय की अजून यायचंय?" त्याने कप माझ्यासमोर ठेवला. "मीच सांगितलं मॅडमना, बास करा आता."

तो टोमणा मारत नव्हता. माझ्या भावाला टोमणा मारता येत नाही, मी ओळखतो त्याला. तो उंदराबद्दलच सांगत होता. पण मी मनात मोजायला लागलो. किती वर्षं, किती रविवार, त्यातले किती मी आलो. मोजताना तो कप काही मला उचलवेना.

"धाकट्या, ती खुर्ची माझ्यामुळे गेली तुझी."

"टक् मीच करत होतो की."

"मी गप्प बसलो असतो तर..."

"तू?" तो हसला. पहिल्यांदाच इतकं हसला. "दादा, तू आणि गप्प?"

मीही हसलो. खाली कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं, त्याची खडखड येत होती. शेवटी मी म्हणालो, "माझ्याकडे राहायला चल." मनापासून म्हणालो.

त्याने मान हलवली. "वहिनीला त्रास. मला इथलं सगळं ठाऊक आहे." मग कपाच्या कानाशी बोट फिरवत म्हणाला, "एक कर. येणार असशील तर ये. नसशील येणार, तर नाही म्हणून सांग. मला दोन्ही चालेल. मधलं नको."

चौपन्न वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं. साहेब ओरडलेत, बायको रागावलीय. असं नाही.

"दर रविवारी," मी म्हणालो. "चारला."

"बरं," तो म्हणाला. विश्वास ठेवल्यासारखा नाही, न ठेवल्यासारखाही नाही.

पुढचे चौदा रविवार मी गेलो. गुडघ्याला पट्टा बांधून गेलो. एकदा ताप होता तरी गेलो. छाती ठोकून सांगतो, कंपनीत माझी एवढी हजेरी कधी नव्हती. पण एक गोष्ट झाली. सहाव्या-सातव्या रविवारपासून तो उठेनासा झाला. दार नुसतं लोटलेलं असायचं. मी आत गेलो की वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचा, "आलास." बस्स. खुर्ची पाडणं नाही, धडपड नाही. मला लागलं ते. चार जिने चढून यायचं आणि याला काहीच नाही? घरी जाऊन बायकोला म्हणालोसुद्धा, की त्याला आता माझं काही वाटत नाही.

मग एका इमारतीत मशीन रूममध्ये एकटाच डबा खात बसलो होतो तेव्हा आठवलं. थेंब धरलेलाच असला की तडतड होत नाही. मॅडमनी सांगितलं होतं. मी डबा झाकून ठेवला. एवढ्या वर्षांत तो जे धडपडत उठायचा त्याला मी आनंद म्हणत होतो.

टक् आता तो करत नाही. मी लक्ष ठेवून असतो, अजिबात नाही. चहाचं भांडं उचलताना जीभ दाताखाली धरतो, गालावरून कळतं. मीही करत नाही. एकदा घरी आरशासमोर करून बघितलं, नीट आलं नाही.

पंधराव्या रविवारी एका इमारतीत लिफ्ट अडकली, आत पाच माणसं. सुट्टीच्या दिवशी मी कुणाचा फोन घेत नाही, पण आत एक म्हातारी होती आणि घाबरून तिचा श्वास कोंडत होता. जावं लागलं. धाकट्याकडे फोन नाही, तो ठेवत नाही. पाचही जणांना बाहेर काढून, म्हातारीला पाणी देऊन मी निघालो तेव्हा साडेपाच वाजून गेले होते.

त्याच्या इमारतीत शिरलो. पहिला जिना, दुसरा. कठडा धरून, एक एक पायरी. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे, वळणाच्या पायरीवर तो बसला होता. घरातलेच कपडे, पायांत काही नाही. हात गुडघ्यांवर. वर त्याचं दार सताड उघडं असावं, कारण एरवी अंधाऱ्या त्या जिन्यात उजेड येत होता. चार वर्षांचा असताना बसायचा, तसाच बसला होता, फक्त केस पांढरे.

मी त्याच्या खालच्या पायरीवर थांबलो. दम लागला होता, बोलता येईना. लिफ्टचं, म्हातारीचं, पाच माणसांचं सगळं सांगायचं होतं. कधी नव्हे ते काहीच सांगितलं नाही.

तो बाजूला सरकला. मी शेजारी बसलो.

"चहा निवला," तो म्हणाला.

"चालेल," मी म्हणालो.